साखर मोजली, पण मनाचे काय?

जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोतील रुग्णालयात इन्सुलिनचे इंजेक्शन ज्या पहिल्या मधुमेही रुग्णाला देण्यात आले, तो लिओनार्ड थॉम्प्सन अवघा १४ वर्षांचा होता. त्यापूर्वी मुलांमधील मधुमेहाचे निदान म्हणजे मृत्यूची चाहूलच असे. आज इन्सुलिनच्या आधारे ही मुले शिकतात, खेळतात, दीर्घायुषी होतात. मात्र या उपचारांचा भार कुमारवयीन मनावर किती पडतो, याची विचारपूस अजूनही क्वचितच होते.

टाइप वन मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. गोड खाण्याशी वा आईवडिलांच्या हलगर्जीपणाशी त्याचा संबंध नाही. तरीही 'एवढ्या लहान वयात डायबेटिस कसा?' हा नातेवाइकांचा प्रश्न चुकत नाही. मुलगी असेल, तर पुढे लग्नात अडचण नको म्हणून आजार लपविण्याची शिकवणही घरातूनच मिळते. लपवावे लागणारे दुखणे म्हणजे काहीतरी लाजिरवाणे, हा अर्थ ती मुलगी आपोआप काढते.

त्यातच वयात येताना शरीरात वाढणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. सारे पथ्य पाळूनही साखर वाढलेली दिसते आणि 'काय खाल्लेस?' अशी उलटतपासणी सुरू होते. ग्लुकोमीटरवरील आकडा परीक्षेतील गुणांसारखा वाचला जाऊ लागला, की काही मुले तपासणीच टाळतात, तर काही वहीत खोटे आकडे लिहितात. हा खोटेपणा नव्हे, थकवा असतो. आजाराच्या अखंड व्यवस्थापनातून येणाऱ्या या त्रासाला तज्ज्ञ 'डायबेटिस डिस्ट्रेस' म्हणतात. तो नैराश्याहून वेगळा असला, तरी दोन्ही एकत्र असू शकतात.

चिंतेचे निदान तर अधिकच फसवे. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, की ॲड्रेनॅलिन स्रवते. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. तीव्र चिंतेच्या झटक्यातही नेमके हेच होते. त्यामुळे अशा वेळी धीर देण्याआधी साखर तपासणे आवश्यक ठरते. ती कमी असल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज वा साखर देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. भर वर्गात एकदा असा प्रसंग ओढवला, की त्याची धास्ती बसते. मग परीक्षेच्या दिवशी मुद्दाम कमी इन्सुलिन घेऊन साखर चढीच ठेवण्याकडे कल होतो.

नैराश्याची लक्षणेही सहज नजरेतून सुटतात. चढलेल्या साखरेनेही थकवा व चिडचिड होतेच, त्यामुळे सारे खापर साखरेवर फुटते. परंतु आवडत्या गोष्टींतील रस संपणे, झोप वा भूक बिघडणे आणि मित्रांना टाळणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यायलाच हवा. उदास मूल इन्सुलिनचे डोस चुकवते, कधी वजन घटविण्यासाठीही ते टाळले जाते आणि त्यातून कीटोॲसिडोसिससारखी प्राणघातक अवस्था उद्भवू शकते. आत्महत्येचे विचार व्यक्त झाल्यास मुलाला एकटे सोडू नये, इन्सुलिन थोरांनी आपल्या ताब्यात ठेवून वेळेवर स्वतः द्यावे व तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

बालमधुमेहतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मानसिक स्थितीची नियमित चाचपणी हा मधुमेह उपचारांचाच भाग आहे. नऊ प्रश्नांच्या 'पीएचक्यू-९' सारख्या प्रश्नावलीला काही मिनिटेच लागतात. समुपदेशन, वर्तनोपचार आणि गरजेनुसार औषधे यांचा उपयोग होतो. आपल्याकडील बाह्यरुग्ण विभागांत मात्र तीन महिन्यांची सरासरी साखर पाहण्यातच वेळ संपतो.

शाळांच्या बाबतीत थोडी सुधारणा आहे. सीबीएसईने २०१७ मध्ये टाइप वन मधुमेही विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाद्यपदार्थ जवळ बाळगण्याची मुभा दिली. घरातील बदल याहून साधा आहे. शाळेतून आलेल्या मुलाला पहिला प्रश्न 'शुगर किती?' हाच असू नये.