अकरा हजार गाणी आणि एक ओवी

गाण्याचा शौक आणि व्यवस्थितपणा ही जोडी एका माणसात क्वचितच नांदते. ज्याला गाणे कळते, त्याला ते ठेवावे कसे हे कळत नाही. आणि ज्याला ठेवता येते, तो बहुधा न्हाणीघरातसुद्धा गुणगुणत नाही! आमच्या कन्नडच्या घरात पहिला गुण सासऱ्यांच्या वाट्याला आला आणि दुसऱ्याची सक्ती माझ्या, अशी वाटणी विधात्याने करून ठेवली आहे.

सासरे निवृत्त शिक्षक. पगारातून उरेल त्यातून त्यांनी आधी तबकड्या जमवल्या, मग कॅसेटी, मग सीडी. गेल्या उन्हाळ्यात नातवाने हा सारा पसारा संगणकावर उतरवून दिला. दोन कपाटे भरतील एवढी अकरा हजारांवर गाणी तळहाताएवढ्या डबीत जाऊन बसली. जागेचा प्रश्न सुटला. पण शोधण्याचा उभा राहिला. कारण निम्म्या गाण्यांचे नाव एकच होते : ‘ट्रॅक ०७’, नाहीतर ‘ट्रॅक ०८’!

या ढिगात चार कॅसेटी सासूबाईंच्या आवाजाच्या आहेत. पुतणीच्या हळदीला त्या जात्यावर बसल्या, तेव्हा कोणीतरी टेपरेकॉर्डर चालू ठेवला होता. सासूबाई जाऊन सहा वर्षे झाली. एके दिवशी सासरे म्हणाले, ‘‘सूनबाई, तिची ती भावावरची ओवी सापडेल का गं?’’ लताबाईंचे गाणे हरवले तर ते दुसरीकडे मिळते. ही ओवी हरवली तर ती त्रिभुवनात कुठेही नाही. त्या दिवसापासून सॉफ्टवेअर निवडणे हा आमच्या घरी विरंगुळ्याचा विषय राहिला नाही.

नातवाचा सल्ला होता, ‘‘सर्वांत चांगले कोणते ते घ्या.’’ पण लुगडे घेताना जसे ‘कोणासाठी?’ हे आधी विचारतात, तसेच येथेही आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. त्यांतला एक असा, की वाचकाचा वेळ वाचवा. आपण गाणे कोणत्या नावाने हाक मारून बोलावणार, हे ठरले की सॉफ्टवेअरची निवड अर्धी झालीच म्हणून समजावे.

परदेशी बनावटीच्या या वह्यांत मुख्य रकाने दोन : गायक आणि अल्बम. आपल्या नाट्यपदाला ते कसे पुरावेत? ‘संगीत स्वयंवर’ हे १९१६ चे नाटक. लिहिले खाडिलकरांनी, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, गाजवले बालगंधर्वांनी. आणि पुढे तीच पदे कितीजणांनी तरी गायिली. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ चे, चित्रपट २०१५ चा. अल्बमचे नाव एकच दिसल्यावर यंत्राने वसंतराव देशपांडे आणि त्यांचे नातू राहुल यांना एकाच पंगतीला बसवले, तर त्या बिचाऱ्याचा काय दोष? तेव्हा नाटक, राग, संगीतकार, साल असे आपले रकाने स्वतः आखू देणारे सॉफ्टवेअर हवे. म्युझिकबी आणि फूबार२००० ही दोन्ही विंडोजवर फुकट मिळतात आणि दोन्हींत ही सोय आहे. शेकडो फायलींना एकदम नावे द्यायची असतील, तर एमपीथ्रीटॅग फार उपयोगी. म्युझिकब्रेन्झचे पिकार्ड तर गाण्याचा ध्वनी तपासून नाव सुचवते. बाजारात आलेल्या गाण्यांपुरते ते ठीक, पण जात्यावरची ओवी त्याला कुठून ओळखू यावी?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ही माहिती सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या वहीत लिहिली जाते, की गाण्याच्या फायलीतच, हे आधी पाहावे. सॉफ्टवेअर पाहुण्यासारखे असते. आयट्यून्स २००१ साली मोठ्या थाटात आले आणि २०१९ मध्ये ॲपलनेच आपल्या संगणकांवर त्याची वाटणी करून तीन निराळी घरे मांडली. पाहुणा गेला तरी भांड्यावरचे नाव राहिले पाहिजे. आपल्या आयाबाया भांड्यांवर नावे घालून घेत, ती उगीच नव्हे!

तिसरी अडचण लिपीची. एमपीथ्री फायलीत नाव लिहिण्याची पहिली पद्धत १९९६ ची. तिच्यात शीर्षकाला अवघी तीस अक्षरे, तीही रोमन. पुढच्या आवृत्तीत युनिकोड आले आणि देवनागरीला घरात जागा मिळाली. तरी मराठीची एक खोच उरतेच. ‘वाऱ्यावर’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात आणि शोधताना पुष्कळदा एकच हाती लागतो. म्हणून घरात एकानेच, एकाच पद्धतीने टंकावे.

ओव्यांना कोणते रकाने द्यावेत, याचा धडा मात्र मला सॉफ्टवेअरने दिला नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी खेड्याखेड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा करवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांचे संगणकीय भांडार उभारले. प्रत्येक ओवीला गाणारणीचे नाव, तिचे गाव आणि विषय यांची जोड दिली. शेतात राबणाऱ्या बाईचे नाव तेथे एखाद्या बुवांच्या नावाइतक्याच मानाने लिहिले आहे. आम्हीही तसेच केले. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या लांब फायलींचे ओवीगणिक तुकडे पाडले, आणि रकाने आखले : गाणारीण, गाव, प्रसंग, विषय. विषय सासऱ्यांनी सांगायचा आणि मी टंकायचा. आई, माहेर, विठ्ठल, लेक, आणि एके संध्याकाळी, तिसऱ्या कॅसेटच्या शेवटी, भाऊ. सासऱ्यांनी ती ओवी दोनदा ऐकली आणि म्हणाले, ‘‘हिच्यापुढे गावाचं नाव नीट लिही, तिचं माहेर पिशोरचं.’’

ही कामे फ्लॅक प्रकारात ठेवावीत. त्यात आवाजाचा कणही गळत नाही आणि जागा मूळ ध्वनिमुद्रणाच्या सुमारे निम्मी लागते. आणि प्रती तीन : एक संगणकावर, एक निराळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावी. आमची तिसरी प्रत छत्रपती संभाजीनगरला नणंदेच्या कपाटात आहे. कारण यंत्र बंद पडायचे असते तेव्हा ते कोणाला विचारत नाही.

फराळाची धांदल आटोपली की घरातल्या जुन्या कॅसेटी एकदा बाहेर काढा. त्यांवर कोणाचा आवाज आहे, हे सांगणारी माणसे सध्या घरात आहेत. कोणतेही सॉफ्टवेअर नंतरही मिळेल. ती मात्र मिळणार नाहीत.