एका तारेंतून दोन जाळीं

श्रोत्यांनीं दोन इमारतींच्या एखाद्या शाळेची कल्पना करावी. दोहोंत विद्यार्थ्यांचे संगणक आहेत, कचेरीचेही आहेत. आणि कचेरीच्या संगणकांत परीक्षेचे गुण आहेत. प्रत्येक इमारतींत एक स्विच, व दोहोंस जोडणारी तार एकच. स्विच हा मोठा भोळा प्राणी! सर्वांस उद्देशून निघालेला संदेश तो प्रत्येक पोर्टवर पोंचवितो. मग कचेरी निराळी राहावी कशी?

त्यासाठीं आभासी जाळीं, म्हणजे व्हीलॅन, करतात. विद्यार्थ्यांच्या पोर्टांस दोन्हीं स्विचांवर १० हा क्रमांक द्यावयाचा, कचेरीच्या पोर्टांस २०. एकाचा संदेश दुसऱ्याकडे जात नाहीं. जोडतारेवर, म्हणजे ट्रंकवर, मात्र दोन्हीं जाळ्यांचे संदेश एकत्र वाहतात; म्हणून तेथें संदेशांत ४ बाइटांची चिठ्ठी घालतात. तिच्यांतील १२ बिटांत जाळ्याचा क्रमांक असतो. वापरण्याजोगे क्रमांक ४०९४. लहान शाळेस दहाही पुष्कळ झाले. आय-ट्रिपल-ई या संस्थेनें १९९८ सालीं ८०२.१क्यू या नांवानें ही रीत प्रमाण ठरविली. पलीकडील स्विच क्रमांक वाचतो, चिठ्ठी काढतो व संदेश योग्य पोर्टवर सोडतो.

घोटाळा होतो तो बिनचिठ्ठीच्या संदेशांचा. ट्रंकवर असा संदेश एका ठरलेल्या जाळ्याचा समजतात. त्यास नेटिव्ह व्हीलॅन म्हणतात. एका टोकास तें १० व दुसऱ्या टोकास २० असें नोंदलें गेलें, तर विद्यार्थ्यांचा संदेश कचेरींत उतरूं शकतो. म्हणून जाणते लोक दोन्हीं टोकांस एखादा न वापरलेला क्रमांकच नेटिव्ह ठेवतात, आणि ट्रंकवरून फक्त लागतील त्याच जाळ्यांस वाट देतात.