रकाना चार-ब-एक : मावळातील भाड्याची घरे आणि न परतणारा कर

मावळ तालुक्यात भाड्याने देण्यासाठी घर बांधणारे मुख्यतः दोन प्रकारचे लोक आढळतात. लोणावळा, तुंगार्ली, वलवण, खंडाळा आणि पवना धरणाचा काठ या पट्ट्यात पर्यटकांसाठी बंगले उभे राहतात व त्यांचे भाडे रात्रीच्या हिशेबाने ठरते. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीलगत, नवलाख उंबरे आणि आंबी या बाजूला, कामगारांसाठी एकेका खोलीच्या रांगा बांधल्या जातात व त्यांचे भाडे महिन्याच्या हिशेबाने वसूल होते. एकाच्या अंगणात पोहण्याचा तलाव असतो आणि दुसऱ्याच्या अंगणात पाण्याची टाकी, परंतु सिमेंट, सळई, फरशी आणि रंग यांच्या खरेदीवर दोघेही सारखाच वस्तू व सेवा कर भरतात आणि बांधकाम पुरे झाले की करसल्लागारापुढे दोघेही तोच प्रश्न ठेवतात: भरलेला हा कर परत मिळेल काय? दोघांनाही नकारच मिळतो, मात्र दोन वेगळ्या वाटांनी. आणि बंगलेवाल्याच्या बाबतीत तो नकार बिलागणिक, महिन्यागणिक लिहून काढण्याचे एक स्वतंत्र कामच या परिसरात निर्माण झाले आहे.

या कराची मूळ कल्पना अशी की व्यापाऱ्याने खरेदीवर भरलेला कर त्याच्या विक्रीवरील करातून वजा व्हावा, म्हणजे कराचा भार शेवटच्या ग्राहकावर एकदाच पडेल. या वजावटीला इनपुट टॅक्स क्रेडिट किंवा व्यवहारात नुसते ‘क्रेडिट’ म्हणतात. पर्यटकाकडून कर घेणाऱ्या बंगल्याच्या मालकाला बांधकामावरील करही असाच वळता करून मिळावा, ही अपेक्षा म्हणूनच तर्काला सोडून नाही. परंतु १ जुलै २०१७ पासून अमलात आलेल्या कायद्याच्या कलम १७, पोटकलम ५ मध्ये ज्या खर्चांना वजावट नाकारली आहे, त्यांत स्थावर मालमत्तेचे बांधकाम दोनदा येते: कंत्राटदाराला साहित्यासह दिलेले काम खंड ‘क’मध्ये अडते आणि मालकाने स्वतः साहित्य आणून केलेले काम खंड ‘ड’मध्ये. ती इमारत व्यवसायासाठीच वापरली जाणार असली तरी निषेध उठत नाही, हे खंड ‘ड’मध्ये मुद्दाम लिहून ठेवलेले आहे.

लोणावळ्याच्या बाजारपेठेलगत वरच्या मजल्यावर असलेल्या एका करसल्लागाराच्या कार्यालयात हा निषेध प्रत्यक्ष पाहता येतो. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या या गावात जून ते सप्टेंबर कागद कधीच पूर्ण कोरडा नसतो. बिलांच्या गठ्ठ्यांना ओलसर पुठ्ठ्याचा आणि जुन्या शाईचा एक आंबूस वास येतो, आणि इमारती साहित्याच्या दुकानातून आलेल्या बिलांना त्यावर सिमेंटच्या धुळीची एक कोरडी झाक असते. हे गठ्ठे सोडवण्याचे काम तेथील एक ज्येष्ठ सहायक बाई करतात. उष्णतेवर छापलेली बिले काही महिन्यांत कोरी होतात म्हणून त्यांची आधी छायाप्रत काढणे, दुकानदाराचा नोंदणी क्रमांक तपासणे, तारखेप्रमाणे बिले लावणे, हे सारे त्या न बोलता उरकतात. बोलतात त्या एकाच बाबतीत, आणि ती म्हणजे सिमेंट. गोणीचे बिल हाती आले की “हे अठ्ठावीसवाले,” असे म्हणून त्या ते वेगळ्या ढिगात ठेवतात.

ढीग वेगळा करण्याची खरे तर काहीच गरज नाही, कारण वजावट २८ टक्क्यांचीही मिळत नाही आणि सळईवरच्या १८ टक्क्यांचीही. परंतु गावाकडची बांधकामाची पद्धत लक्षात घेतली तर त्या आकड्याचा एवढा ठसा का उमटला असावा हे समजते. मावळात अजूनही अनेक मालक मजुरीचे काम गवंड्याच्या टोळीला देतात आणि साहित्य स्वतः आणतात. टोळीची नोंदणी नसल्याने मजुरीवर कर लागत नाही, मात्र प्रत्येक गोणीचे बिल मालकाच्याच नावावर फाटते. साडेतीनशे रुपये मूळ किंमत धरली तर गोणीमागे ९८ रुपये कर, असा हा हिशेब होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटचा दर १८ टक्क्यांवर आला, तरी टेबलावर आलेल्या फायली त्याआधीच्या बांधकामांच्या असल्याने बाईंच्या तोंडी २८ हाच आकडा राहिला आहे.

या कामातील सर्वांत चमत्कारिक भाग महिन्याच्या विवरणपत्रात दिसतो. पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून मालकाच्या नावे जमा दिसणारा सर्व कर संगणकावर आपोआप एका तक्त्यात येतो, आणि २०२२ मध्ये बदललेल्या पद्धतीप्रमाणे तो आधी विवरणपत्राच्या रकाना चार-अ मध्ये पूर्णपणे घ्यावा लागतो. त्यानंतर जो कलम १७(५) मुळे मिळू शकत नाही तो खालच्या रकाना चार-ब-एक मध्ये ‘उलटवावा’ लागतो. म्हणजे एका ओळीत हक्क सांगायचा आणि त्याच पानावर चार बोटे खाली तो सोडून द्यायचा. सहायक बाई वरची रक्कम भरतात, खालची भरतात, आणि निव्वळ वजावटीच्या चौकटीत शून्य उमटले की पुढच्या फायलीकडे वळतात. बांधकाम चालू असलेल्या बंगल्याच्या बाबतीत हे दर महिन्याला घडते. शासनाला आकडेवारी हवी म्हणून ही पद्धत आली, हे मान्य करूनही, नागरिकाकडून नकाराची नोंद त्याच्याच हाताने करून घेणारी ही रचना थोडी निष्ठुर वाटल्यावाचून राहत नाही.

हा निषेध एकदा हलला होता. भुवनेश्वर येथील एका व्यापारी संकुलाच्या मालकांनी, म्हणजे सफारी रिट्रीट्स या कंपनीने, गाळे भाड्याने देऊन त्यावर कर भरत असताना बांधकामावरील कराची वजावट का नाही, असा वाद घातला आणि २०१९ मध्ये ओडिशा उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती संजय करोल यांच्या पीठाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी कलमाची वैधता कायम ठेवली, परंतु खंड ‘ड’मध्ये ‘संयंत्र किंवा यंत्रसामग्री’ असे शब्द असल्याचे दाखवून, भाड्याने देण्याची सेवा ज्या इमारतीवाचून देताच येत नाही ती इमारत विशिष्ट परिस्थितीत ‘संयंत्र’ ठरू शकते, असे म्हटले. लोणावळ्यातल्या कपाटांत बांधून ठेवलेल्या फायली त्या हिवाळ्यात पुन्हा खाली उतरल्या. पण २१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेर येथे झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत त्या ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ घालण्याची शिफारस झाली आणि २०२५ च्या वित्त अधिनियमाने ती दुरुस्ती थेट १ जुलै २०१७ पासूनच्या प्रभावाने केली. न्यायालयात मिळालेली वाट अशी मागील तारखेने बुजवणे महाराष्ट्राला अपरिचित नाही. २००६ ते २०१० या काळातील सदनिकांवर मूल्यवर्धित कर लागणार म्हणून घरात राहायला आलेल्या कुटुंबांना बिल्डरांची पत्रे गेली होती, ती पुण्यात अनेकांना आठवत असतील. मागून येणारी मागणी आणि मागून जाणारा हक्क यांत सोसणाऱ्याच्या दृष्टीने फारसा फरक नसतो.

याच कार्यालयात कधीमधी उलट दिशेचा प्रश्नही येतो. बंगल्याच्या एखाद्या मालकाचा मुलगा कॅनडातील ओंटारिओ प्रांतात नोकरीला असतो, तेथे नवी सदनिका घेऊन ती भाड्याने देतो आणि तेथील करपरताव्याचे कागद वडिलांना दाखवतो. ओंटारिओत नव्या घरावर १३ टक्के एकत्रित विक्रीकर लागतो, त्यात ५ टक्के संघराज्याचा आणि ८ टक्के प्रांताचा. स्वतः राहणाऱ्याला मिळणारी सवलत बिल्डर सहसा किमतीतच वळती करून देतो, पण भाड्याने देणाऱ्याला आधी पूर्ण कर भरावा लागतो आणि नंतर दोन वर्षांच्या मुदतीत अर्ज करून काही भाग परत मागावा लागतो. प्रांताच्या वाट्यातून जास्तीत जास्त २४,००० डॉलर मिळू शकतात. संघराज्याच्या वाट्यातून कमाल ६,३०० डॉलर, मात्र घराची किंमत साडेतीन लाख डॉलरच्या वर गेली की ही रक्कम घटत जाते आणि साडेचार लाखांना संपते. मुख्य अट अशी की घराचा पहिला उपयोग राहण्यासाठी आणि भाडेकरार किमान वर्षभराचा असावा.

वर्षभराची ही अट मावळातून पाहिली की अधिक बोलकी होते. तेथे परतावा मिळतो तो कोणाला तरी राहायला घर मिळाले म्हणून. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सदनिकेला त्या सवलतीत जागा नाही. लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांची तक्रार कायद्याच्या तर्काने कितीही बरोबर असली तरी, इंद्रायणी भाताची खाचरे भरून उठवलेल्या पोहण्याच्या तलावाचा कर जनतेने का परत करावा, हा प्रश्न तिला पुरून उरतो. नवलाख उंबऱ्याच्या खोलीवाल्याची गोष्ट निराळी आहे. जनरल मोटर्सचा आणि आता ह्युंदाईचा कारखाना असलेल्या या वसाहतीत येणारा कामगार राहतो कोठे, या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी अशाच खोल्यांनी दिले आहे. परंतु राहण्यासाठी दिलेल्या घराचे भाडे सामान्यतः करमुक्त असल्याने विक्रीच्या बाजूला करच नाही, आणि वजावट कशातून करायची हाच प्रश्न उरत नाही. जुलै २०२४ पासून माणशी दरमहा २०,००० रुपयांपर्यंतचे आणि सलग किमान ९० दिवसांचे वसतिगृहासारखे वास्तव्यही करमुक्त झाले. कामगाराला त्याचा लाभ आहे, पण बांधणाऱ्याच्या सिमेंटचे २८ टक्के भिंतीतच राहिले. कलम १७(५) उद्या रद्द झाले तरी या माणसाला एक रुपया मिळणार नाही. त्याला उपयोगी पडेल तो ओंटारिओसारखा थेट परतावा, आणि तशी तरतूद आपल्याकडे नाही.

मग उरते ते आयकराच्या बाजूने थोडे सावरून घेणे. जो कर वळता होत नाही तो इमारतीच्या खर्चात मिळवता येतो, आणि बंगल्याचे उत्पन्न व्यवसायाचे म्हणून दाखवले तर त्यावर घसारा, म्हणजे झिजेपोटी दरवर्षीची वजावट, मिळतो. उदाहरणादाखल ८० लाखांच्या कंत्राटावर १८ टक्क्यांनी १४ लाख ४० हजार कर गेला असेल, तर हॉटेलसारख्या इमारतीच्या १० टक्के दराने पहिल्या वर्षी त्यातील १ लाख ४४ हजार खर्ची पडतात आणि ३० टक्के आयकर देणाऱ्याचे सुमारे ४३ हजार वाचतात. पुढच्या प्रत्येक वर्षी हा आकडा घटत जातो.

दुसरी फट दुरुस्तीची. कायद्यात ‘बांधकाम’ या शब्दात दुरुस्ती येते ती भांडवली खर्चात धरली असेल तेवढीच. चालू खर्चात टाकलेल्या दुरुस्तीवरील कराला आडकाठी नाही. लोणावळ्याच्या पावसात गच्चीचे वॉटरप्रूफिंग वरचेवर करावे लागते, भिंतींचा रंग उडतो, पत्रे गंजतात, त्यामुळे मे-जूनमधील बिलांना या कार्यालयात एकदम किंमत येते आणि एखादे बिल ‘दुरुस्ती’ की ‘नवे काम’ यावर सल्लागार आणि मालक बराच वेळ बसतात. सहायक बाई त्यावर मत देत नाहीत.

अलीकडे या फटीतही गुंता झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या निवासावर ५ टक्के कर लागतो, पण वजावटीविना. त्यापुढच्या दरावर १८ टक्के लागतो आणि वजावट मिळते. पावसाळी शनिवारी चढ्या भावाने जाणारा तोच बंगला मंगळवारी सात हजारांना दिला तर तो पहिल्या वर्गात पडतो, आणि मग वॉटरप्रूफिंगच्या एकाच बिलावरील कर दोन्ही प्रकारच्या उलाढालीच्या प्रमाणात वाटून, मंगळवारच्या वाट्याचा भाग पुन्हा चार-ब-एक मध्ये उलटवावा लागतो. त्यासाठी बाईंनी आरक्षणाच्या वहीत आता दोन रंगांच्या शाया सुरू केल्या आहेत, आणि काही मालक आठवड्याच्या मधल्या दिवसांचे भाडे ७,६०० करावे की ७,४००, याचा हिशेब त्यांच्याकडून मांडून घेत आहेत.