राजवाडे नव्हेत, कष्टकऱ्यांची घरे!

जुन्या अवशेषांची सहल म्हटली की किल्ले आणि राजवाडेच डोळ्यांसमोर येतात. मध्य अमेरिकेतील माया लोकांनाही जग ओळखते ते त्यांच्या उंच पिरॅमिडांमुळे. पण त्यांच्यातला साधा शेतकरी कसा राहत होता, काय खात होता, हे पाहायचे असेल तर एल साल्वाडोर या चिमुकल्या देशातील ‘होया दे सेरेन’ येथे जावे लागते. राजधानी सान साल्वाडोरपासून हे ठिकाण सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. सकाळी मुलाबाळांसह निघालेले कुटुंब संध्याकाळी घरी परतू शकते.

येथे चढायला पिरॅमिड नाही. मोठ्या छपरांखाली खोल खड्डे खणलेले आहेत आणि त्यांच्या तळाशी मातीची घरे आहेत. कुडाच्या भिंती, गवताने शाकारलेली छपरे. राहायची खोली वेगळी, स्वयंपाकघर वेगळे, कोठार वेगळे. गावाचे वाफेच्या स्नानाचे घुमटीसारखे घरही आहे.

सुमारे १४०० वर्षांपूर्वी जवळच्याच लोमा काल्देरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि सारे गाव राखेखाली गाडले गेले. वेळ बहुधा संध्याकाळची असावी. शेतीची अवजारे घरी आली होती, जेवणे झाली होती. पण भांडी घासायची राहिली होती आणि झोपायच्या चटया अजून पसरल्या नव्हत्या. भांड्यांत बोटांनी पुसून खाल्ल्याच्या खुणा आजही दिसतात! मात्र घरांमध्ये माणसांचे सांगाडे सापडले नाहीत. भरली मडकी सोडून लोक जीव घेऊन पळाले असावेत.

राखेत पिके कुजून गेली, पण त्यांचे पोकळ साचे उरले. संशोधकांनी त्यांत प्लास्टर ओतले आणि मक्याची कणसे जशीच्या तशी उभी राहिली. कोठारात घेवडा होता, मिरच्या होत्या. आपल्या चटणीतली मिरची मुळात अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आली, हे किती जणांना ठाऊक आहे? विशेष म्हणजे या साध्या घरांतही रंगीत नक्षीची भांडी होती. धारदार पाती मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून छपरात खोचून ठेवलेली होती. आपल्या घरातही आई विळा वर खोचून ठेवते, तशीच!

हे गाव सापडले १९७६ साली. धान्याची कोठारे बांधण्यासाठी बुलडोझर जमीन सपाट करत होता. घर इतके शाबूत होते की तपासणीला आलेल्यांना ते अलीकडचेच वाटले. काम पुढे चालू राहिले आणि काही घरे कायमची गेली. दोन वर्षांनी पेसन शीट्स या संशोधकाने छपरातील गवताचे वय तपासून घेतले, तेव्हा खरे काय ते कळले. १९९३ साली युनेस्कोने या गावाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

दुपारी जवळच्याच ‘सान आंद्रेस’ येथे सत्ताधाऱ्यांचे पिरॅमिड पाहावेत आणि घेवडा भरलेली मक्याची गरम भाकरी, ‘पुपुसा’, खाऊन परतावे. मुलांना घरी एकच प्रश्न विचारावा : आज जास्त लक्षात काय राहिले, राजाचा पिरॅमिड की न घासलेले ते भांडे?

राजाचा इतिहास दगडात कोरला जातो. कष्टकऱ्याचा इतिहास त्याच्या चुलीपाशी असतो. तो ओळखणारी नजर नसली, की त्यावरून बुलडोझर फिरतो.