पोलादी दोराच्या पोटांत

वऱ्हाडांत विहिरींवर मोटा चालत, तेव्हां नाडा जुना झाला कीं नाहीं हें सांगावयास कोणा शास्त्रज्ञाची गरज नव्हती. यवतमाळकडील शेतकरी नाड्यावरून नुसता हात फिरवी. सुटलेलें सूत हाताला लागे आणि नाडा तुटण्यापूर्वींच बदलला जाई. पोलादी दोराचें तसें नाहीं. तो वरून तेलकट, काळाभोर व धडधाकट दिसतो, आणि आंतल्या पेडांतील तारा मात्र एकेक करून तुटत असूं शकतात.

त्याच जिल्ह्यांत वणीच्या बाजूस कोळशाच्या खाणी आहेत, आणि पोलादी दोराचा जन्महि खाणींतलाच. जर्मनींतील हार्झ पर्वतांत, क्लाउस्थाल येथें, १८३४ सालीं विल्हेल्म आल्बर्ट ह्या खाण-अधिकाऱ्यानें तारांचा दोर वापरांत आणला. तत्पूर्वींच्या लोखंडी साखळीची एक कडी तुटली कीं सारें संपलें. आल्बर्टनें चार चार तारांचे तीन पेड वळले. एक तार तुटली तरी शेजारच्या तारा तिचा भार उचलतात. इतकेंच नव्हे, तर कांहीं वळशांपलीकडे घर्षणामुळें तीच तार पुन्हां आपला वांटा घेऊं लागते. हा दोराचा मोठा गुण. पण दोष लपविण्याची त्याची खोडहि ह्यांतूनच येते.

रायगडावर १९९६ सालीं रज्जुमार्ग सुरू झाला. लोक त्याला रोपवेच म्हणतात. पाळणा कांहीं मिनिटांतच गडावर पोंचतो. त्यांत बसणाऱ्या आजीबाई दोरावर जो विश्वास टाकतात, तो सार्थ आहे कीं नाहीं हें नुसत्या डोळ्यांनीं ठरत नाहीं. आणि दोर कापून पाहावा, तर दोरच गेला. अशा मार्गांवर लोहचुंबक उपयोगी पडतें.

दोन भागांत उघडणारें एक यंत्र दोराभोंवतीं बसवितात व दोर त्यांतून संथपणें सरकवितात. यंत्रांतील बलवान् लोहचुंबकें पोलादांत जवळजवळ मावेल तेवढें चुंबकत्व भरतात. अखंड तारेंतून चुंबकरेषा मुकाट्यानें वाहतात. तार तुटलेली असेल तेथें मात्र, तुंबलेल्या पाटाचें पाणी बांधावरून सांडावें, तशा त्या बाहेर उसळतात. यंत्रांतील वेटोळीं हा उसळा टिपतात आणि आलेखावर एक टोंक उमटतें. गंजानें किंवा झिजेनें पोलादच घटलें असेल, तर तेवढ्या लांबींत सारी रेषाच खालीं बसते. नवा दोर चढवितांनाच पहिला आलेख काढून ठेवावा लागतो. रोग्याची पूर्वीची नाडी ठाऊक नसलेल्या वैद्यासारखी परीक्षकाची गत होऊं नये. एखादी तार तुटल्यानें दोर बाद होत नाहीं. थोड्याच लांबींत बऱ्याच तारा तुटल्या, तर मात्र होतो.

परंतु ह्या परीक्षेला एक आंधळी जागा आहे. दोराचें टोंक जेथें पाळण्याला घट्ट जखडलेलें असतें, तेथें यंत्र पुढें सरकूंच शकत नाहीं, आणि तेथल्या पोलादाच्या गोळ्यामुळें चुंबकरेषाहि भलतीकडे ओढल्या जातात. इटलींतील मोत्तारोने पर्वतावर २३ मे २०२१ रोजीं ओढदोर नेमका टोंकाजवळ तुटला. अशा वेळीं पाळणा जागीं धरून ठेवणारा ब्रेक लोखंडी चिमट्यानें मुद्दाम निकामी केलेला होता. कारण तो नको तेव्हां आवळला जाऊन फेऱ्या थांबवी. पाळणा उतारावरून मागें घसरला. पंधरांपैकीं चौदा माणसें गेलीं. पांच वर्षांचा एक मुलगा तेवढा वांचला.

म्हणून टोंकाचा निवाडा एकट्या लोहचुंबकावर सोडून चालत नाहीं. ठराविक मुदतीनें तेवढा तुकडा कापून टाकतात व मागील चांगल्या भागाला नवें बंधन घालतात. कापलेला तुकडा मग खुशाल उकलावा, आणि त्याची एकेक तार वांकवून पाहावी.