भूमिगत ऑप्टिकल फायबर केबलचे नुकसान आणि ग्रामीण इंटरनेट सेवा : गोंडपिपरी तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

शासकीय व वित्तीय सेवा इंटरनेटवर अवलंबून झाल्यामुळे भूमिगत ऑप्टिकल फायबर केबल तुटणे ही आता केवळ तांत्रिक बाब राहिलेली नाही. केबल जोडण्याचे काम काही तासांचे असते. परंतु ती नेमकी कोठे तुटली हे शोधणे, दुसरा मार्ग नसणे आणि खोदकाम करणाऱ्या यंत्रणांमधील समन्वयाचा अभाव यांमुळे खंड लांबतो. प्रस्तुत लेखात चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्याची भौगोलिक स्थिती विचारात घेऊन या समस्येची कारणे, दुरुस्तीची प्रक्रिया व उपाययोजना यांचे विवेचन करण्यात आले आहे.

बीजशब्द : ऑप्टिकल फायबर, भारतनेट, भूमिगत केबल, खोदकाम, पर्यायी मार्ग, ग्रामीण सेवा.

प्रस्तावना

गोंडपिपरी हा चंद्रपूर जिल्ह्याच्या आग्नेय भागातील वनव्याप्त तालुका आहे. पूर्वेस वैनगंगा व दुसऱ्या बाजूस वर्धा नदी वाहते. या दोन नद्यांच्या संगमातून पुढे प्राणहिता नदी तयार होते. पश्चिमेकडे कोठारी व बल्लारपूरमार्गे चंद्रपूर, पूर्वेकडे वैनगंगेच्या पुलावरून गडचिरोली जिल्ह्यातील आष्टी आणि उत्तरेकडे पोंभुर्णा असे येथून जाणारे प्रमुख मार्ग आहेत. वनप्रदेशात मार्ग मोजकेच असतात आणि केबलही बहुधा रस्त्याच्या कडेनेच टाकली जाते. त्यामुळे रस्त्यावरील प्रत्येक काम हे केबलच्या सुरक्षिततेशी निगडित ठरते.

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर पोहोचविण्याच्या राष्ट्रीय प्रकल्पास केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. हाच प्रकल्प पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच्या पहिल्या टप्प्यात डिसेंबर २०१७ पर्यंत देशातील एक लाखाहून अधिक ग्रामपंचायती जोडण्यात आल्या. केबल टाकण्याचे उद्दिष्ट आकड्यांत मोजता आले. टाकलेली केबल अखंड ठेवण्याचा प्रश्न मात्र तितक्या गांभीर्याने हाताळला गेला नाही.

उद्दिष्टे

१. भूमिगत केबल तुटण्याची कारणे स्पष्ट करणे.
२. दोष शोधणे व दुरुस्ती यांची प्रक्रिया समजावून घेणे.
३. खंड टाळण्यासाठी व खंडाच्या काळात सेवा सुरू ठेवण्यासाठी उपाय सुचविणे.

केबल तुटण्याची कारणे

ऑप्टिकल फायबर म्हणजे केसाएवढ्या जाडीचा काचेचा तंतू होय. आवरणासह काचेचा व्यास १२५ मायक्रोमीटर असतो, तर प्रकाश ज्या गाभ्यातून वाहतो तो केवळ सुमारे ९ मायक्रोमीटरचा असतो. असे अनेक तंतू एका केबलमध्ये असतात व ती प्लॅस्टिकच्या नळीतून जमिनीखाली टाकली जाते. साधारण मातीत १.६५ मीटर खोली हा दूरसंचार क्षेत्रातील प्रचलित निकष आहे. खडक लागल्यास किंवा पूल व मोरी ओलांडताना ही खोली कमी होते आणि तेथेच केबल अधिक असुरक्षित बनते.

नुकसानीचे सर्वांत मोठे कारण म्हणजे खोदकाम. रस्ता रुंदीकरण, नळयोजनेची जलवाहिनी, नाली, मोरी व विजेचे खांब यांसाठी जेसीबीने खोदकाम केले जाते. खोदणाऱ्या कंत्राटदाराकडे केबलचा नकाशा नसतो. मार्गदर्शक दगड झुडपांत झाकलेले किंवा रस्त्याच्या कामात उखडलेले असतात. आलापल्ली-आष्टी मार्गावरून सुरजागडच्या लोहखनिजाची जड वाहतूक सुरू झाल्यापासून या पट्ट्यात रस्त्यांच्या दुरुस्तीची व मजबुतीकरणाची गरज वाढली आहे, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

दुसरे कारण नैसर्गिक आहे. पुराच्या प्रवाहाने पुलाजवळील भराव वाहून गेल्यास केबल उघडी पडते किंवा ताणून तुटते. जुलै २०२२ च्या पुरात चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील अनेक मार्ग बंद पडले होते. अशा वेळी दुरुस्ती पथकालाही दोषाच्या ठिकाणी पोहोचता येत नाही.

दोष शोधण्याची व दुरुस्तीची प्रक्रिया

केबल तुटल्यावर केंद्रातून ओटीडीआर या उपकरणाद्वारे तंतूमध्ये प्रकाशाचा स्पंद सोडला जातो. तुटलेल्या ठिकाणाहून त्याचा काही अंश परत येतो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो. त्यामुळे स्पंद १०० मायक्रोसेकंदांनी परतला तर दोष सुमारे १० किलोमीटरवर आहे, असे गणित मांडता येते.

तथापि, हे अंतर तंतूच्या लांबीचे असते, रस्त्याचे नव्हे. दुरुस्तीच्या सोयीसाठी सांध्यांजवळ केबलची राखीव वेटोळी ठेवलेली असतात. केबलच्या आतील तंतूही किंचित पीळ घेऊन बसविलेले असतात. परिणामी उपकरणाने दाखविलेले अंतर जमिनीवरील अंतरापेक्षा अधिक भरते. प्रत्येक सांधा, वेटोळे व वळण यांची नोंद असेल तर हा फरक वजा करता येतो. नोंद नसेल तर पथकाला रस्त्याच्या कडेने ताज्या खोदकामाच्या खुणा शोधत फिरावे लागते. खोदणारा तुटलेली केबल मातीखाली झाकून निघून गेला असेल, तर शोध आणखी कठीण होतो.

जागा सापडल्यावर खड्डा घेऊन केबलची टोके स्वच्छ केली जातात आणि विद्युत ठिणगीच्या उष्णतेने तंतू एकमेकांस जोडले जातात. केबल ओढली गेली असेल तर मध्ये नवीन तुकडा टाकावा लागतो. २४ तंतूंच्या केबलमध्ये तुकड्याच्या दोन्ही टोकांना मिळून ४८ सांधे करावे लागतात. हे काम कौशल्याचे असले तरी त्याला लागणारा वेळ मर्यादित असतो. खंड लांबतो तो मुख्यतः या कामापूर्वी.

एकाच मार्गावरील अवलंबित्व

समजा, तालुका केंद्रापासून निघालेली एक केबल एकामागून एक दहा ग्रामपंचायतींना जोडते. ती दुसऱ्या गावापूर्वी तुटली तर पुढील नऊ ग्रामपंचायतींची सेवा बंद पडते. ढाबा, तोहोगाव किंवा भंगाराम तळोधी यांसारख्या तालुक्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या गावांना अशा रेखीय रचनेची झळ अधिक बसण्याची शक्यता असते, कारण केंद्रापासूनचे अंतर वाढते तसा वाटेतील धोकाही वाढतो.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. केबल तुटली तरी मोबाईलचे इंटरनेट चालू राहील, असे गृहीत धरले जाते. परंतु मोबाईल मनोऱ्यालाही पुढील संपर्कासाठी बहुधा फायबरच लागते. दोन कंपन्यांची सिमकार्डे असली तरी त्या दोन्ही कंपन्यांच्या केबल एकाच रस्त्याच्या कडेने गेल्या असतील, तर एकाच खोदकामात दोन्ही सेवा बंद पडू शकतात. सेवा पुरविणारे दोन असणे आणि मार्ग दोन असणे या भिन्न गोष्टी आहेत.

ही उणीव केवळ ग्रामीण भागापुरती मर्यादित नाही. मार्च २०११ मध्ये जॉर्जियात एका वृद्ध महिलेने तांब्याच्या शोधात फावड्याने खणताना केबल तोडली आणि शेजारील आर्मेनिया देशाच्या बहुतांश भागातील इंटरनेट सेवा काही तास ठप्प झाली. घाव लहान होता. पर्यायी मार्गाच्या अभावाने त्याचा परिणाम मोठा झाला.

सामाजिक परिणाम

सेवा खंडित झाल्यावर रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्र, बँक शाखा, सातबारा उतारा, आपले सरकार सेवा केंद्र, आधारभूत किमतीच्या धान खरेदीची नोंदणी आणि महाविद्यालयीन प्रवेश व परीक्षा अर्ज हे सारे एकाच वेळी अडते. शहरातील नागरिक दुसऱ्या केंद्रात जाऊ शकतो. येथील मजुराला मात्र रोजी बुडवून व भाडे खर्चून तालुक्याला आल्यावर 'लिंक नाही' असे ऐकून परतावे लागते. त्याचा हा खर्च कोणत्याही नोंदवहीत येत नाही. अर्जाची अंतिम तारीख उलटल्यास नुकसान वर्षभराचे होते.

विद्यमान तरतुदी

खोदकामापूर्वी सूचना देण्याची पद्धत अन्यत्र रूढ आहे. अमेरिकेत त्यासाठी २००७ पासून '८११' हा क्रमांक आहे, तर नेदरलँड्समध्ये २००८ पासून यांत्रिक खोदकामापूर्वी नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. भारतात जानेवारी २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी खोदकाम करणाऱ्यावर पूर्वसूचना देण्याचे बंधन घातले. २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू झाले. असमन्वित खोदकामामुळे देशाचे दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे त्या वेळी केंद्र शासनाने नमूद केले होते. या ॲपद्वारे खोदणाऱ्याची सूचना त्या जागेतील वाहिन्यांच्या मालकांपर्यंत पोहोचते. मात्र ज्या केबलची नोंद नाही, तिच्या मालकाला सूचना जाणार नाही. म्हणजे येथेही प्रश्न नोंदीपाशीच येऊन थांबतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात वलयाकार रचनेचा स्वीकार करण्यात आला आहे. वलयात एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने संपर्क राहतो. परंतु वलयाच्या दोन्ही बाजू एकाच रस्त्याने किंवा एकाच पुलावरून गेल्यास ते वलय कागदावरच राहील. वनप्रदेशात दुसरा मार्ग काढताना वनकायद्याच्या मर्यादाही येतात. रस्त्यालगत, वृक्षतोड न करता व ठरावीक मापाच्या चरातून भूमिगत केबल टाकण्यास सर्वसाधारण मान्यता आहे. अभयारण्ये मात्र त्यातून वगळलेली आहेत. कन्हारगाव अभयारण्यास राज्य वन्यजीव मंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मान्यता दिली, तर वैनगंगेपलीकडे चपराळा अभयारण्य आहे. त्यामुळे मार्गाचे नियोजन वनविभागासोबत आरंभीच होणे अगत्याचे ठरते.

उपाययोजना

१. सर्व केबल, सांधे व राखीव वेटोळी यांची अक्षांश-रेखांशासह नोंद तालुका स्तरावर उपलब्ध असावी आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर ती अद्ययावत करावी.
२. खोदकामाच्या कार्यादेशात पूर्वसूचनेची अट समाविष्ट करावी व तिचा पुरावा पाहिल्याशिवाय देयक अदा करू नये.
३. ग्रामपंचायतीने खोदकामाची माहिती दूरसंचार यंत्रणेस कळवावी. मार्गदर्शक दगडांच्या देखभालीचे काम स्थानिक युवकांकडे सोपवावे.
४. पर्यायी मार्ग भिन्न रस्त्याने व शक्यतो भिन्न पुलावरून न्यावा. ते शक्य नसेल तेथे रेडिओ किंवा उपग्रह जोडणी राखीव ठेवावी.
५. खंडाच्या काळात धान्यवाटप नोंदवहीवर करण्याची मुभा, अर्जदारास दिनांकित पोच आणि प्रमाणित खंडाच्या दिवसांइतकी मुदतवाढ यांची तरतूद आगाऊ असावी.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, भूमिगत केबलचे नुकसान पूर्णतः टाळणे शक्य नसले तरी त्याचा परिणाम मर्यादित ठेवणे शक्य आहे. त्यासाठी केबलची अचूक नोंद, खोदण्यापूर्वी सूचना व खरोखर स्वतंत्र असा दुसरा मार्ग या तीन बाबी आवश्यक आहेत. यांपैकी पहिल्या दोन बाबींना मोठ्या निधीची नव्हे, तर बांधकाम, पाणीपुरवठा, वन व दूरसंचार या यंत्रणांनी एकत्र बसण्याची गरज आहे. तिसरी बाब पूर्ण होईपर्यंत वेळ जाईल. तोपर्यंत केबल तुटली म्हणून कोणाचे धान्य, धानाची नोंदणी किंवा प्रवेश अडू नये, ही जबाबदारी सेवा देणाऱ्या कार्यालयांची आहे.