नववीच्या बीजगणितातून नेमकं काय यायला हवं?

नववीचं गणिताचं पुस्तक उघडलं की बीजगणित तसं आटोपशीर दिसतं. वास्तव संख्या, बहुपदी, दोन चलांतली रेषीय समीकरणं आणि त्यांचे आलेख. महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकात संच, गुणोत्तर-प्रमाण आणि अर्थनियोजनही आहे. बडोदा, इंदूर, हैदराबाद इथली आपली बरीच मुलं सीबीएसईत असतात, त्यांची मांडणी थोडी वेगळी. पण धड्यांची यादी म्हणजे उद्दिष्टं नव्हेत. धडा 'झाला' म्हणजे मुलाला काय यायला लागलं, हे घरात कोणी विचारत नाही. आपण विचारतो मार्क.

आणि नववीचे मार्क हल्ली एका निर्णयापर्यंत नेतात. २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून सीबीएसईने गणिताचे स्टँडर्ड आणि बेसिक असे दोन स्तर केले. पुस्तक तेच, अभ्यासक्रम तोच, प्रश्नपत्रिका वेगळी. पुढे गणित घ्यायचं नाही त्यांच्यासाठी बेसिक, ही मूळ कल्पना. अकरावीच्या प्रवेशात मधल्या काही वर्षांत सवलती दिल्या गेल्या, त्यामुळे आपल्या वर्षाचा नियम शाळेतूनच विचारून घ्यावा. पण 'मला गणित जमत नाही' हे चौदा वर्षांच्या मुलाने ठरवलेलं असतं ते नववीच्या अनुभवावर, आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त अडखळायला होतं ते बीजगणितात.

माझ्या ताईचा फोन याचसाठी आला होता. "हिला बेसिक देऊन टाकू का रे?" भाचीची वही पाहिली तर पानोपानी बरोबरच्या खुणा. समीकरण दिलं की ती सोडवते. गोष्ट सांगितली की थांबते. ट्यूशनच्या सरांनी तिच्याकडून शेकडो उदाहरणं करून घेतली होती, पण समीकरण मांडायचं कसं हे बहुधा मधेच कुठेतरी राहून गेलं होतं.

माझ्या मते नववीच्या बीजगणिताचं पहिलं काम एवढंच, की अक्षर म्हणजे संख्या हे पक्कं व्हावं. सोपं वाटतं, पण नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एका विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक वाक्य दिलं होतं: प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, तर समीकरण लिहा. ३७ टक्के जणांचं चुकलं. विद्यार्थ्यांसाठी व आणि प्राध्यापकांसाठी प घेतलं, तर चुकणाऱ्यांतल्या बहुतेकांनी ६व = प असं लिहिलं होतं. बरोबर उत्तर आहे व = ६प. चूक होते ती 'व' म्हणजे 'विद्यार्थी' असं वाचल्यामुळे. 'व' ही विद्यार्थ्यांची संख्या आहे, विद्यार्थी नव्हेत. घरी मुलांना हा प्रश्न घालून बघा. मोठ्यांनाही घाला.

आपल्या जुन्या गणितींनी इथे फार नेमका शब्द निवडला होता. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात (तो ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'चा भाग) पहिल्या अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हटलं आहे, म्हणजे 'जितकं असेल तितकं'. पुढच्या अज्ञात राशींना रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक. लिहिताना त्यांचं पहिलं अक्षर, या, का, नी, पी. संख्या ऋण असेल तर तिच्या डोक्यावर टिंब. 'जितकं असेल तितकं' हे मुलाला एकदा कळलं की 'क्ष' ची भीती निम्मी होते. (चाळीसगावजवळ पाटण्याला या घराण्याची हकिगत सांगणारा शिलालेख आहे. सुट्टीत त्या बाजूला गेलात तर वाट वाकडी करून बघा.)

दुसरी गोष्ट बरोबरचं चिन्ह. पाचवी-सहावीपर्यंत '=' म्हणजे 'आता उत्तर लिही' असाच अर्थ मुलांच्या डोक्यात असतो. म्हणून वहीत ५ + ३ = ८ × २ = १६ अशी मालगाडी दिसते. बीजगणितात '=' हा तराजू आहे. एका पारड्यात जे कराल ते दुसऱ्यातही करा. याऐवजी मुलं शिकतात 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं', आणि मग ३क्ष = १२ मध्ये तो ३ पलीकडे नेताना त्याला उणे चिन्ह लावतात आणि उत्तर काढतात −४. नियम पाठ आहे, तराजू दिसत नाही.

इथे माझ्या धंद्यानेही थोडा घोळ घातला आहे. हल्ली शाळेत कोडिंग लवकर सुरू होतं, आणि बऱ्याच प्रोग्रॅमिंग भाषांत क्ष = क्ष + १ हे रोजचं वाक्य. त्याचा अर्थ: क्ष नावाच्या डब्यात जे आहे त्यात एक मिळवून परत डब्यात ठेव. बीजगणितात हेच वाक्य अशक्य आहे, दोन्हीकडून क्ष काढला तर ० = १ उरतं. 'दोन्ही बाजू समान आहेत का?' हे विचारायला त्या भाषांत वेगळं चिन्ह आहे, लागोपाठ दोन बरोबर. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, "मामा, मग सुरुवातीला कोणी सांगितलं का नाही?" प्रश्न रास्त होता.

तिसरं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं: एकच गोष्ट शब्दांत, कोष्टकात, समीकरणात आणि आलेखात ओळखता येणं. एक कॅबवाला सुरुवातीचे ४० रुपये आणि पुढे किलोमीटरला १२ घेतो. दुसरा सुरुवातीचे १००, पण किलोमीटरला ७. स्वस्त कोण? समीकरणं अशी: य = ४० + १२क्ष आणि य = १०० + ७क्ष. दोन्ही रेषा काढल्या तर १२ किलोमीटरवर, १८४ रुपयांना, एकमेकींना छेदतात. त्याच्या आत पहिला परवडतो, बाहेर दुसरा. ४० कुठे दिसतो? रेषा उभ्या अक्षाला जिथे भेटते तिथे. १२ कुठे? रेषेच्या चढात. हे चारही रूपांत ज्याला दिसलं, त्याला दहावीत दोन समीकरणांची जोडी आली तर ओळखीची वाटते.

विस्तारसूत्रं आणि अवयव यांवर मी फार बोलणार नाही, सराव लागतो आणि तो ट्यूशनमध्ये भरपूर होतो. फक्त एक सवय हवी, पडताळा. (अ + ब)² = अ² + ब² लिहिणाऱ्या मुलाला ओरडू नका. अ = ३, ब = ४ ठेवायला सांगा. डावीकडे ४९, उजवीकडे २५. आपलं उत्तर बरोबर आहे हे सरांना न विचारता ठरवता येणं, ही ताकद दुसऱ्या कुठल्या विषयात इतक्या लवकर हाती येते?

शब्दांचाही एक अडथळा आहे, आपल्या घरांत जास्त. आजोबा 'सहगुणक' म्हणतात, शाळेत 'कोइफिशंट', इंदूरच्या हिंदी माध्यमात 'गुणांक'. 'चल' तिथे 'चर' होतो. गुजरातीत मात्र चल आणि सहगुणक आपलेच. वहीच्या शेवटच्या पानावर पंधरावीस शब्दांची जोडयादी केली की आजोबांनाही शिकवता येतं. आमच्याकडे ते हल्ली दर रविवारी टपून बसलेले असतात.

ताईला मी सांगितलं, बेसिक की स्टँडर्ड हे मार्कांवरून इतक्यात ठरवू नकोस. आठवड्याला दोनच प्रश्न, दोन्ही शब्दांतले. उत्तर काढायचंच असं नाही, समीकरण मांडायचं आणि त्यातलं प्रत्येक अक्षर कशाची संख्या आहे ते शेजारी लिहायचं. मग उलटं: ५क्ष + २० = १२० हे समीकरण, आता यावरून तूच एक गोष्ट सांग. भाचीने पहिली गोष्ट सांगितली ती पाणीपुरीची. पाच मैत्रिणी, वीस रुपये रिक्षाचे, आणि एकीच्या वाट्याला वीसची प्लेट.